आत्याच्या रेकॉर्डरला पचतील अशा ऑडिओ फाइल्स कशा करायच्या

माझी आत्या नाशिकमध्ये पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहते आणि बायकांचं भजनी मंडळ चालवते. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, आवाज अजून खणखणीत, पण नजर अधू झालीय. स्मार्टफोनच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमकं कुठे टेकवायचं हे तिला दिसत नाही. म्हणून गेल्या वर्षी तिला हाताला कळतील अशी उठावदार बटणं असलेला, खिशात मावणारा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर आणून दिला. नवी गवळण बसवायची तर एकच ओळ वीसदा ऐकावी लागते. रेकॉर्डरमधलं ए-बी रिपीट, म्हणजे खूण केलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं, त्यासाठीच असतं. वेगही कमी करता येतो.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या बावीस फाइल्स मी मोठ्या उत्साहाने त्यात भरल्या आणि घरी आलो. संध्याकाळी फोन.

"अरे, हे यंत्र मुकं आहे का रे?"

बावीसपैकी तीन वाजत होत्या. सात दिसत होत्या पण वाजत नव्हत्या. बाकीच्या बारा तर यंत्राला दिसतही नव्हत्या. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. तुमच्याकडे कोणत्या कंपनीचा रेकॉर्डर आहे याने फारसा फरक पडत नाही, कारण पहिली पायरी सगळ्यांना सारखीच.

आधी यंत्रालाच विचारा

बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. फाइल हातात घेतात, नेटवरून मिळेल तो कन्व्हर्टर चालवतात, आणि रेकॉर्डरने घेतली नाही की दुसरा कन्व्हर्टर शोधतात. मीही दोन रविवार त्यात घालवले. खरं उत्तर यंत्राच्याच पोटात असतं. रेकॉर्डर ज्या प्रकारची फाइल स्वतः तयार करतो, ती त्याला वाजवता येणारच. तेव्हा त्याच्याकडून एक नमुना घ्यायचा आणि बाकी सगळं त्या नमुन्याबरहुकूम शिवायचं. शिंप्याला मापाचा जुना झंपर नेऊन देतात, तसं.

रेकॉर्डरच्या मेनूत रेकॉर्डिंगचा दर्जा निवडायची सोय असते. त्यातल्या प्रत्येक दर्जात दहा-दहा सेकंद काहीही बोलून ठेवा. मग केबलने रेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडा. इथेच पहिली ठेच लागू शकते: घरात पडलेल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. रेकॉर्डर चार्ज होतोय पण कॉम्प्युटरवर त्याचा ड्राइव्ह दिसत नाही, तर यंत्राला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. काही रेकॉर्डर जोडल्यावर 'स्टोरेज' की 'चार्ज' असं विचारतात. तिथे स्टोरेज निवडायचं.

आता त्या नमुना फाइल्स व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवा आणि टूल्स मेनूतलं कोडेक इन्फर्मेशन उघडा. तिथे कोडेकचं (आवाज फाइलमध्ये भरायच्या पद्धतीचं) नाव, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) आणि चॅनल (एकच असेल तर मोनो, डावा-उजवा असे दोन असतील तर स्टिरिओ) मिळतात. बिटरेट (सेकंदाला किती डेटा, केबीपीएसमध्ये) आणि बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला) तिथे दिसली नाही तर फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा. हे सगळं, आणि फाइल कोणत्या फोल्डरमध्ये तयार झाली हेही, एका कागदावर लिहून घ्या. आत्याच्या रेकॉर्डरच्या कागदावर दोन ओळी आल्या: एमपी३, ४४.१ किलोहर्ट्झ, १२८ केबीपीएस. आणि वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. तो कागद मी तिच्या देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कारण कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेलं मला कधीच सापडत नाही.

माहितीपुस्तिकेत 'प्लेबॅक'चा आणखी मोठा तक्ता असतो. काही रेकॉर्डर रेकॉर्ड फक्त दोन प्रकारांत करतात, पण डब्ल्यूएमए किंवा एएसी वाजवू शकतात. तो तक्ता जरूर वाचा, पण अडचण आली की नमुन्याकडे परत या. तक्त्यात 'वेव्ह चालतं' लिहिलेलं असतं. कोणतं वेव्ह, ते पुढच्या पानावर बारीक अक्षरात.

डब्यावरचं नाव आणि आतला जिन्नस

फाइलच्या नावाशेवटी जे येतं, डॉट एमपी३, डॉट वेव्ह, डॉट एम४ए, ते डब्यावरचं लेबल. आत काय भरलंय ते कोडेक ठरवतं. डब्यावर 'साखर' लिहून आत मीठ भरलं तर चहा गोड होत नाही. आमच्या मंडळातल्या एका काकूंच्या नातवाने नेमकं हेच केलं होतं: डॉट ओपस पुसून डॉट एमपी३ लिहिलं आणि झालं म्हणाला. फोनवर ते वाजतंसुद्धा, कारण फोन लेबल न बघता झाकण उघडून पाहतो. रेकॉर्डर बिचारा लेबलावर विश्वास ठेवतो, आत भलतंच सापडतं आणि गप्प बसतो. ज्या सात फाइल्स दिसत होत्या पण वाजत नव्हत्या, त्यांतल्या चार या अशा निघाल्या.

एम४ए हा डबा खास फसवा. त्यात बहुधा एएसी असतं, पण ॲपलचं लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणारं, कोडेकही त्याच लेबलाच्या डब्यात येतं. एएसी वाजवणारा रेकॉर्डर लॉसलेस वाजवेलच असं नाही. वेव्हचंही तसंच. गेल्या उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेतलं एक व्याख्यान आत्याला हवं होतं. मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर ही व्याख्यानं होतात, आणि हल्ली तिला रात्री तिथवर चालत जाणं जमत नाही. एका हौशी मित्राने चांगल्या रेकॉर्डरवर ते टिपलं होतं, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये. फाइल वेव्हच होती, पण आत्याच्या यंत्राने तिला हातही लावला नाही. ऑडिओ संपादनाची सॉफ्टवेअर कधी कधी ३२ बिट फ्लोट प्रकारची वेव्ह तयार करतात. साध्या रेकॉर्डरला तीही अपरिचित.

म्हणजे नुसतं 'वेव्हमध्ये कर' किंवा 'एमपी३ कर' एवढं पुरत नाही. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: कोडेक, सॅम्पल रेट, चॅनल, आणि एमपी३ असेल तर बिटरेट, वेव्ह असेल तर बिट डेप्थ.

किती केबीपीएस?

इथे लोक उगाच वाद घालतात. आपल्या कामापुरतं एवढंच: नुसतं बोलणं असेल, म्हणजे प्रवचन, व्याख्यान, फोनवरचा निरोप, तर मोनो आणि ६४ केबीपीएस पुरतं. भजनाला ते पुरत नाही, आणि त्याचं कारण टाळ. मृदंगाची थाप आणि पेटीचा सूर एमपी३ला सहज झेपतो. टाळांचा झणत्कार मात्र क्षणात उठणारा आणि वरच्या कंप्रतांनी, म्हणजे तीक्ष्ण स्वरांनी, गच्च भरलेला असतो. बिटरेट कमी पडला की त्याचा चर्र-चर्र, पाण्यात बुडवल्यासारखा आवाज होतो. आत्याने ६४ वाली फाइल ऐकून विचारलं, "टाळ वाजवतायत की पापड तळतायत?" तेव्हापासून भजनाला मी मोनो १२८ देतो. मूळ ध्वनिमुद्रण उत्तम असेल आणि हेडफोनवर ऐकायचं असेल तर स्टिरिओ १९२.

मोनो का, असं कोणी विचारेल. रेकॉर्डरचा स्पीकर एकच असतो, आणि आत्या एकाच कानात इअरफोन घालून पोळ्या लाटते. स्टिरिओत पेटी डावीकडे असली तर तिला ती ऐकूच येणार नाही.

जागा किती लागेल हे काढायचं सोपं गणित आहे. बिटरेटला ०.४५ने गुणा, तासाला लागणारे एमबी मिळतात. ६४ला साधारण २९ एमबी, १२८ला ५८. सीडीच्या दर्जाचं वेव्ह १४११ केबीपीएसचं असतं, म्हणजे तासाला ६३५ एमबी. मित्राचं ते ९६ किलोहर्ट्झवालं स्टिरिओ व्याख्यान तासाला दोन जीबीच्या वर जात होतं. ४ जीबीच्या रेकॉर्डरमध्ये १२८ने साठ-पासष्ट तास मावतात, चातुर्मास निघेल.

एमपी३ करताना कॉन्स्टंट बिटरेट निवडा, व्हेरिएबल नको. व्हेरिएबलमध्ये दर सेकंदाचा आकार बदलता असतो. त्यामुळे जुन्या किंवा साध्या यंत्रावर वेळ चुकीची दिसते, पुढे-मागे जाताना भलतीकडे उडी पडते. ए-बी रिपीट वापरणाऱ्याला हा ताप परवडत नाही. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झच ठेवा. बोलण्याला १६ किंवा २२ किलोहर्ट्झ पुरेल हे खरं, पण ३२ किलोहर्ट्झच्या खालचे दर एमपी३च्या दुसऱ्या, नंतरच्या मानकात येतात आणि सगळी यंत्रं ते घेत नाहीत. वाचणारी जागाही नगण्य, कारण आकार बिटरेटवर ठरतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. तानपुऱ्याचा न थांबता फिरणारा आवाज हवा असेल तर तो वेव्हमध्येच ठेवा. एमपी३ तयार होताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता आपोआप जोडली जाते. गाण्यात ती कळत नाही. तानपुरा पुन्हा सुरू होताना मात्र उचकी लागल्यासारखा अडतो.

प्रत्यक्ष काम

एकदोन फाइल्स असतील तर व्हीएलसी पुरतं. मीडिया मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह, फाइल निवडा, प्रोफाइलमध्ये ऑडिओ-एमपी३. त्याशेजारच्या पान्याच्या चित्रावर क्लिक करून बिटरेट, चॅनल आणि सॅम्पल रेट आपल्या कागदाप्रमाणे भरा. नव्या फाइलचं नाव लिहिताना शेवटी डॉट एमपी३ स्वतः लिहा आणि मूळ फाइलचंच नाव चुकूनही देऊ नका.

मी मात्र जवळजवळ सगळं ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि ऐकत ऐकत काम करता येतं. एमपी३ करण्याची सोय त्यातच असते. पूर्वी त्यासाठी वेगळी लायब्ररी, म्हणजे जोडीचं सॉफ्टवेअर, आणून बसवावी लागे, कारण एमपी३वर पेटंट होती. ती २०१७पर्यंत संपली आणि भानगड मिटली. एम४ए किंवा डब्ल्यूएमए उघडायला मात्र एफएफएमपेग ही लायब्ररी एकदा बसवून घ्यावी लागते. ती नसेल तर ऑडॅसिटी फाइल ओळखत नाही असं सांगतं आणि नवशिक्याला वाटतं फाइलच बिघडलीय.

आधी कच्चा माल गोळा करा. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपस या कोडेकमध्ये असतात, आणि ज्या बारा फाइल्स यंत्राला दिसल्याच नाहीत त्या याच. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात व्हॉइस नोट्स नावाचा फोल्डर असतो, त्यात आठवड्यागणिक उपफोल्डर, आणि पीटीटीने सुरू होणारी तारीखवार नावं. त्यातून हवी ती गवळण शोधणं म्हणजे रविवार कारंजावर हरवलेली चप्पल शोधणं. त्यापेक्षा व्हॉट्सॲपमध्येच तो मेसेज दाबून धरा आणि शेअर करून स्वतःला ईमेलने पाठवा. मंडळातल्या बायकांना एक सवय लावता आली तर फार बरं: गाणं व्हॉइस मेसेजने न पाठवता फोनच्या रेकॉर्डर ॲपवर टिपायचं आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी गाळलेला असतो. त्यातून जे गळून गेलं ते तुम्ही ३२० केबीपीएसचं एमपी३ केलंत तरी परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

फाइल ऑडॅसिटीत उघडली की आधी पडद्यावर दिसणारी आवाजाची अख्खी लाट नजरेखालून घाला. पुढची-मागची खुडबुड, 'सुरू झालं का गं?' वगैरे कापून टाका. स्टिरिओ असेल तर दोन्ही पट्ट्या बघा. एक पट्टी सपाट असेल, म्हणजे आवाज एकाच बाजूला असेल, तर मोनो करताना दोन्हींची सरासरी होऊन आवाज निम्मा पडतो. अशा वेळी ट्रॅकच्या मेनूतून स्टिरिओ वेगळे करा, सपाट पट्टी काढून टाका आणि उरलेली मोनो करा. दोन्हीत आवाज असेल तर ट्रॅक्स मेनूतल्या मिक्समधून सरळ मोनो.

पंखा, गाड्यांची घरघर, माइक हाताळल्याची धडधड खालच्या कंप्रतांत असते. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक कंप्रतेखालचं गाळणारी चाळणी, ८० हर्ट्झवर लावला की बरीच जाते. पण मृदंग असेल तर फिल्टर ५० हर्ट्झच्या वर नेऊ नका, धुमाचा, म्हणजे मृदंगाच्या खर्जाच्या बाजूचा, जीव जातो. नॉइज रिडक्शन मी भजनावर वापरत नाही. कुजबुज जाते, पण जाता जाता टाळांची शेपूट आणि गळ्यातला श्वासही घेऊन जाते.

मग आवाजाची पातळी. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग ऐकणाऱ्याला प्रत्येक फाइलला बटण वरखाली करावं लागतं. इफेक्टमध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे. तिथे उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) लिहा आणि सगळ्या फाइल्सना तेच द्या. नुसतं नॉर्मलाइझ केलं तर सर्वांत उंच टोक मोजलं जातं. टाळाच्या एका ठोक्यामुळे अख्खं भजन दबलेलं राहतं. लाउडनेसवालं कानाला किती मोठं वाटतं ते मोजतं. त्यानंतर गजराच्या जागी टोकं छताला टेकत असतील तर उणे १ डेसिबलवर लिमिटर, म्हणजे त्याहून उंच टोकं दाबणारा इफेक्ट, लावा.

आता फाइल मेनूतून एक्स्पोर्ट ऑडिओ. एमपी३, मोनो, ४४१००, कॉन्स्टंट, १२८. हे सगळं संपादन झाल्यावर एकदाच करायचं. एमपी३ उघडून, कापून, पुन्हा एमपी३, उद्या पुन्हा तेच, हे चहाच्या चोथ्यावर पुन्हा पुन्हा पाणी घालण्यासारखं आहे, दर खेपेला चव उतरते. म्हणून मूळ फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये तशीच ठेवा, कितीही गबाळी असली तरी. रेकॉर्डरमध्ये जाते ती प्रत. उद्या यंत्र बदललं तर नव्या मापाची प्रत मूळ फाइलपासून निघेल.

पंचवीस-तीस फाइल्सना हेच करायचं असेल तर टूल्समधला मॅक्रो मॅनेजर उघडा; मॅक्रो म्हणजे ओळीने आपोआप होणाऱ्या पायऱ्यांची यादी. एमपी३ कन्व्हर्जन नावाचा तयार मॅक्रो असतोच; त्यातली नॉर्मलाइझची पायरी काढून लाउडनेसची घाला आणि फाइल्सवर चालवा. पण आधी एक फाइल हाताने एक्स्पोर्ट करून घ्या, म्हणजे बिटरेट वगैरे तुम्हाला हवं तसंच आहे याची खात्री होते. मी ती न करता चाळीस फाइल्स भलत्याच बिटरेटला करून बसलो होतो.

दीड तासाचं कीर्तन एकाच फाइलमध्ये देऊ नका. बोट चुकीच्या बटणावर पडलं की पुन्हा पहिल्यापासून. नमन, पूर्वरंग, मधलं नामस्मरण, उत्तररंग अशा जागी कंट्रोल-बी दाबून लेबल लावा आणि एक्स्पोर्ट करताना लेबलांप्रमाणे अनेक फाइल्स करायला सांगा.

नाव बोलून सांगणं

आता ती गोष्ट, जी मला कुठल्याच माहितीपुस्तिकेत सापडली नाही. रेकॉर्डरचा पडदा आत्याला वाचता येत नाही, आणि आला असता तरी उपयोग नव्हता: फाइलचं नाव देवनागरीत दिलं की पडद्यावर चौकोन उमटतात. मग तिने ओळखायचं कसं?

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मी तीन-चार सेकंदांचं बोलणं जोडतो: "गवळण, तिसरी. मंगळवारच्या सरावाची." ऑडॅसिटीत कर्सर सुरुवातीला नेऊन नव्या ट्रॅकवर बोला, मग गाणं तेवढं पुढे सरकवा. बटण पुढे-पुढे दाबत गेलं की नावं कानावर पडत जातात, पडद्याची गरजच नाही. बोलल्यानंतर अर्धा सेकंद शांतता ठेवा. मी ती ठेवली नव्हती आणि माझ्या 'मंगळवारच्या'वर पेटीचा पहिला सूर आदळायचा. बोलण्याची पातळी गाण्याच्या बरोबरीची हवी, म्हणून लाउडनेसची पायरी दोन्हींना वेगवेगळी लावून मगच जोडा.

आजोबांच्या कॅसेट

आजोबांच्या भजनाच्या एकोणीस कॅसेट माळ्यावर होत्या. २०१६च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा तळमजल्यावरून घाईघाईने वर नेलेल्या. दमटपणाने काहींच्या फितीवर पांढरट बुरशी आलेली. अशी कॅसेट लगेच डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा, फितीवरची बुरशी मऊ कोरड्या कापडाने हलकेच टिपा, एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, प्रत्येक कॅसेटनंतर.

डेकच्या लाइन-आउटमधून रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये केबल लावायची. रेकॉर्डरला फक्त माइकचं भोक असेल तर सावध: माइक इनपुट फार हळू आवाजासाठी असतं, लाइनचा आवाज त्यात फाटतो. रेझिस्टर असलेली, आवाज कमी करणारी अटेन्युएटर केबल मिळते, ती घ्या. किंवा टेपच्या हेडफोन भोकातून आवाज अगदी कमी ठेवून काढा. मेनूत प्लग-इन पॉवर (माइकला वीज पुरवायची सोय) असेल तर बंद करा. मीटरची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, आणि टिपताना वेव्हच निवडा. एमपी३ नंतर.

आजोबांची पट्टी काळी एक होती, घरात सगळ्यांना ठाऊक. पण कॅसेटवरचा आवाज पांढरी दोनवर येत होता, आणि आजोबा जरा घाईत गात होते. मूळ ध्वनिमुद्रण बहुधा सेल उतरलेल्या टेपवर झालं असणार: टिपताना फीत सावकाश फिरली, म्हणून योग्य वेगाने वाजवताना आवाज चढतो. एक अर्धस्वर चढा म्हणजे वेग साधारण ५.९ टक्के जास्त. ऑडॅसिटीत चेंज स्पीड अँड पिच उघडून उणे ५.६ टक्के दिलं की सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात. नुसतं चेंज पिच वापरू नका, त्याने सूर उतरतो पण घाई तशीच राहते. पेटी शेजारी घेऊन बसा आणि कानाने जुळवा. सेल हळूहळू उतरत गेले असतील तर सुरुवातीला जुळलेला सूर शेवटी पुन्हा चढा निघतो. तेव्हा भजनागणिक तुकडे करून वेगवेगळं दुरुस्त करावं लागतं. त्या एकोणीस कॅसेटनी माझी दिवाळीची सुट्टी खाल्ली.

यंत्रात भरताना

बऱ्याच रेकॉर्डरमध्ये स्वतःच्या रेकॉर्डिंगसाठी एक फोल्डर आणि बाहेरून आणलेल्या गाण्यांसाठी वेगळा फोल्डर असतो. बाहेरची फाइल रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये टाकली तर काही यंत्रं तिच्याकडे बघतही नाहीत. कुठल्याच फोल्डरमध्ये न ठेवता वरवर टाकलेल्या फाइल्सचंही तेच. एका फोल्डरमध्ये दोनशेच्या आसपास फाइल्सची मर्यादाही अनेकांत असते. प्रत्येक विषयाला उपफोल्डर करा, पण एकात एक असे चार पदर नकोत.

नावं रोमन लिपीत, छोटी, आणि सुरुवातीला दोन आकडी क्रमांक: शून्य एक, शून्य दोन. नुसतं एक-दोन लिहिलं तर दहा नंबर दोनच्या आधी येतो. काही यंत्रं तर नावाकडे न बघता ज्या क्रमाने फाइल्स कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. हरिपाठाचे अभंग उलटसुलट वाजायला लागले की कारण हेच. फोल्डर रिकामा करून एकेक फाइल क्रमाने टाका. मॅकवरून भरत असाल तर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या अदृश्य फाइल्सही सोबत जातात आणि रेकॉर्डर त्या वाजवायचा प्रयत्न करून अडखळतो. त्या हुडकून पुसा, आणि मॅकची कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर पुसलेल्या फाइल्स रेकॉर्डरमधली जागा अडवून बसतात.

मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर फॉरमॅट करू नका, रेकॉर्डरच्या मेनूतूनच करा. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड सुरक्षित. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट या फाइल्स मांडायच्या वेगळ्या पद्धतीची येतात आणि जुन्या यंत्रांना ती कळत नाहीत. मी महात्मा गांधी रोडवर स्वस्तात मिळालं म्हणून १२८ जीबीचं कार्ड घेतलं होतं. प्रत्यक्षात ते आठ जीबीचं निघालं, वरचा आकडा नुसता छापलेला. नवव्या जीबीपासून फाइल्स कॉपी होतात, दिसतातही, फक्त आत काही नसतं. दुकानदार म्हणाला, तुमचं मशीन खराब आहे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे. ते कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी जागा सांगतं. वेळ लागतो, पण नवं कार्ड घेतलं की आधी हेच करा.

कॉपी झाल्यावर केबल ओढू नका. सेफली रिमूव्ह करा, मग काढा, आणि यंत्र हातात देण्याआधी प्रत्येक फोल्डरमधली पहिली आणि शेवटची फाइल रेकॉर्डरवरच वाजवून बघा. कॉम्प्युटरवर वाजली याला काही अर्थ नाही.

परवा सगळं भरून आत्याला रेकॉर्डर दिला. तिने बटण दाबलं, माझा आवाज आला, "अभंग, पहिला." पुन्हा दाबलं, "अभंग, दुसरा." आजोबांच्या फोल्डरपर्यंत पोहोचली आणि थांबली.

"इथे तुझा आवाज नको. काढ तो. दादांच्या भजनांची नावं मी सांगते." आजोबांना ती दादा म्हणते.

एकोणीस कॅसेटच्या त्र्याऐंशी फाइल्स आहेत. रविवारी माइक घेऊन जातोय. बोलण्याची पातळी पुन्हा उणे १८, आणि मध्ये अर्धा सेकंद शांतता.